शेवटचा शब्द

आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला मीरा रोडच्या आमच्या घरी नऊ पुरुष जमले होते. आम्हा ज्यूंमध्ये कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. दहावे अंकल जेसल पार्कहून अजून आलेच नव्हते, फोनही उचलत नव्हते.

"रूबेन आहे की," हानोखकाका म्हणाले.

"त्याला धरू नका. देवच नाही म्हणतो तो," पप्पा म्हणाले.

म्हणतोच मी. बाल्कनीत येरझाऱ्या घालत राहिलो.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ म्हणायची, माणसागणिक एक शब्द. काकांनी मोजलं आणि नवव्या शब्दावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा तिथंच थांबले. ती ओळ मला लहानपणापासून पाठ. अशी अर्धी सोडलेली सहन होईना. तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा मी बाल्कनीतूनच दहावा शब्द ओरडलो, "हाओलाम!"

सगळे वळून बघायला लागले.

"झाली ओळ पुरी," काका म्हणाले. "पण याचं डोकं उघडं आहे."

पप्पांनी माझ्याकडे न बघता स्वतःच्या खिशातून माझी प्रार्थनेची टोपी काढली. इस्त्री केलेली होती.