उंच टाचांच्या चपला

"साहेब, मी आणि ही गोरी एमिली रस्त्यानं बरोबर चाललो, तर पोलीस कागद कुणाचे मागतील?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मेक्सिकन आईबापांच्या इत्झेलनं विचारलं. संशय आला की पोलिसांना कुणाचेही रहिवासाचे कागद तपासू देणारा ॲरिझोनाचा नवा कायदा समजावायला आमदार शाळेत आले होते. "ज्याचे कागद चोख, त्यानं कशाला घाबरायचं?" ते हसले.

शेजारच्या चायो या मैत्रिणीनं बाकावर ठेका धरला आणि इत्झेलनं तिथंच रॅप ठोकला. "छपरं तुमची घातली ज्यांनी रणरणत्या या उन्हात, त्यांनाच पुसता, कोण रे तू, कुठला आमच्या गावात?" अख्खा वर्ग बाकं बडवू लागला. आमदारांचं हसू तेवढं थांबलं.

संध्याकाळी बाबा तिच्या पंधराव्या वाढदिवसाच्या उंच टाचांच्या चपला पुसत बसले होते. त्यांच्याकडे रीतच होती, पंधराव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर बापानं लेकीचे साधे बूट काढून या चपला घालायच्या, मग पोर मोठी झाली.

"शनिवारी मी विधानभवनासमोर या कायद्याविरुद्ध गाणार," इत्झेल म्हणाली.

"शनिवारी तुझा वाढदिवस आहे, शहाणे," आई म्हणाली. "तिथं पोलीसच पोलीस. बिनकागदाचा बाप कसा येणार तिथं?"

"म्हणूनच. बाबा, त्या चपला खोक्यात ठेवा. मी जुन्या बुटांतच गाणार. ज्या दिवशी तुम्ही न भिता विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसून माझ्या पायात चपला घालाल, त्या दिवशी मी पंधराची. तोवर मी चौदाचीच राहणार."