मॉस्कोचा आकडा

समितीची सभा आटोपून बाबुराव काळाचौकीच्या चाळीत शिरले, ते गॅलरीतही भाषण ठोकतच. "मुंबई आपल्याला मिळणारच! आणि दहा वर्षांत अमेरिकेचं दिवाळं निघणार. जगाचा बाजार मॉस्को चालवणार, लिहून ठेवा!" शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात आकडेवाला धोंडू जिना चढून आला. रोज न्यूयॉर्कहून कापसाचा भाव यायचा आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावर अख्खी चाळ पैसे लावायची. बाबुराव घाईघाईने खिसे चाचपू लागले.

"अहो, अमेरिका बुडणार ना?" कौसल्येने दारातूनच विचारलं. "मग आज मॉस्कोवर लावा की!"

बाबुराव दबक्या आवाजात खेकसले, "अगो, खुळी की काय तू? मॉस्कोवर पैसे कोण लावणार!"