अण्णांच्या गाडीतला गॅस

१९९६ साली माझ्या दोघा भावांचं गॅरेज एकच होतं. एका दुपारी आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या गाडीचा एसी थंड हवा देईना म्हणून दोघांनी बॉनेट उघडलं; अण्णा आणि मी बाजूला उभे होतो. तेव्हा एसीचा जुन्या प्रकारचा गॅस जाऊन नवा येत होता; थोरला जुनाच भरायचा, धाकटा नवा. आत जुना गॅस आहे की नवा, हे ओळखल्याशिवाय वर भरायचा नसतो. दोन्ही मिसळले की कॉम्प्रेसर बसतो. कंपनीचं लेबल तर केव्हाच निघून गेलं होतं.

"जुनाच आहे," थोरला म्हणाला.

"नवा आहे, दादा. हात लावू नकोस."

"तू शिकवणार मला? काल पाना धरायला शिकलास!"

"मग अण्णांनाच विचार."

"मला त्यातलं काय कळतंय?" अण्णा पुटपुटले.

धाकट्याने नळी हिसकावली. थोरल्याने पाना त्याच्या जबड्यावर हाणला, दोन दात जमिनीवर पडले. धाकट्याने त्याचा हात बॉनेटखाली चेचला, तसा थोरल्याने त्याची मान दाबून सिलिंडरची तोटी थेट त्याच्या तोंडावर उघडली. बर्फासारखा गॅस डोळ्यात गेला. मी मध्ये पडले, तर मलाही भिंतीवर ढकललं.

धाकट्याचा डोळा कायमचा गेला. थोरला तुरुंगातून सुटला तो घरी आलाच नाही. गॅरेज विकलं. अण्णा माझ्याकडे राहिले, आणि शेवटच्या आजारात एकदाच त्यांनी तो विषय काढला.



"कुणाचं मन मोडू नये म्हणून मी आदल्या उन्हाळ्यात दोघांकडूनही गॅस भरून घेतला होता गं, एकमेकांना सांगू नका असं बजावून."