सात नंबरची केबिन

"ह्या महिन्यालाबी काम न्हाई?" कुशाबाने विचारलं.

दयानंदने नकारार्थी मान हलवली. तो हिंजवडीतल्या एका कंपनीचा माणूस. दर महिन्याला हिशोब सांगायला कासार आंबोलीला यायचा.

कुशाबाच्या वावरात, मोबाईलच्या टॉवरखाली, कंपनीची पत्र्याची केबिन होती. दारावर पांढऱ्या रंगात आकडा, ७. आसपासच्या मोबाईलमधली माहिती, कॅमेऱ्यांतले फोटो लांब मुंबईच्या संगणकांकडे न पाठवता त्यांचं काम इथल्या इथे उरकायचं, म्हणून आत संगणकाची यंत्रं घुमायची. वीज-डिझेलचा खर्च निम्मा कुशाबाचा. कमाईही निम्मी त्याची, पण काम येईल तेवढीच. खर्च दर महिन्याला हजर व्हायचा, कमाईने दीड वर्षात तोंड दाखवलं नव्हतं.

आजूबाजूच्यांनी रानं बंगलेवाल्यांना विकून टाकली. कुशाबाला शेवटचं दीड एकर विकायचं नव्हतं, म्हणून तर त्याने ही केबिन वावरात बसवून घेतली. आता तिच्याच बिलापायी चंद्राबाईच्या पाटल्या गेल्या होत्या. रिकाम्या यंत्रांची ती घरघर ऐकली की त्याला अन्न गोड लागेना.

"रान इकून टाका आता," चंद्राबाई म्हणाली.

"माज्या जित्तेपनी न्हाई."

दिवाळीनंतर तिघं तरुण उडणारा कॅमेरा घेऊन बांधावर आले. चंद्राबाईने त्यांना ताक दिलं.

"काका, वरून फोटो काढायचेत. पण हद्दीचे दगड गवतात दिसतच नाहीत," एकजण म्हणाला.

कुशाबाला बरंच वाटलं. शेजारचा बंगलेवाला दरसाल कुंपण हातभर पुढे सरकवत होता. फोटोत हद्द आली की त्याची खोड मोडेल. कुशाबाने स्वतः गवत कापलं, एकेका दगडाला चुना फासला आणि तिघांना सगळ्या बांधांवरून फिरवून आणलं. फोटो कुणासाठी, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात केबिन तापली. पंखे दिवसरात्र गरम हवा फेकू लागले. महिनाअखेरीला दयानंद हसतच आला.

"काका, खर्च फिटून वर पैसे उरलेत. मोठं गिऱ्हाईक लागलंय."

"कोन हाय?"

"नावं आम्हालाही सांगत नाहीत."

कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "रान वाचलं गं," तो चंद्राबाईला म्हणाला. तिने शिरा केला.

सोमवारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नव्या रस्त्याचा नकाशा लागला. सगळे गेले, तसा कुशाबाही गेला. नकाशा म्हणजे वरून काढलेला फोटोच होता. आधी त्याला चुन्याचे दगड दिसले, लख्ख पांढरे. मग पत्र्यावर वाळत घातलेल्या चंद्राबाईच्या मिरच्या. मग त्या सगळ्यावरून गेलेली जाड तांबडी रेघ. शेजारी त्याचं नाव होतं आणि पुढे, संपादित क्षेत्र दीड एकर.

खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायला त्याला वाकावं लागलं. 'छायाचित्रांवरून नकाशा तयार केल्याचे ठिकाण: केबिन क्रमांक ७, कासार आंबोली.'