जावेचा रोल

"भाजला तर भाजू दे हात. माझे दोन आहेत ना!" पडद्यावरचा नवरा बायकोच्या बोटांवर फुंकर घालत म्हणाला, आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

पाचव्या रांगेत बसलेली मोहिनी दचकली. हे वाक्य तिचं होतं. बारा वर्षांपूर्वी पंचवटीतल्या घराच्या मागच्या पडवीत तिची धाकटी जाऊ हर्षाली मांडे भाजायच्या तापलेल्या खापराला हात लागून रडत बसली होती, तेव्हा मोहिनी हे बोलली होती. हर्षालीचा नवरा संतोष त्या वेळी आत क्रिकेटची मॅच बघत होता.

पिक्चर हर्षालीवरच होता. पुरणाचे मांडे विकून मोठी झालेली नाशिकची साधी गृहिणी आणि तिच्या पाठीशी खंबीर उभा राहिलेला तिचा नवरा. बघून माणसाला बरं वाटावं, असा. शूटिंग चालू असताना मोहिनीने हर्षालीला गमतीत बजावलंसुद्धा होतं, "माझं काम करणारी जरा अंगाने बारीक बघा म्हणावं!" हर्षाली तेव्हा हसली होती. आणि गेल्या आठवड्यात मोहिनीसाठी मुद्दाम येवल्याहून साडी घेऊन आली होती.

त्यामुळे मोहिनी वाट बघत होती. आता येईल, मग येईल. पडद्यावर नवरा भर उन्हात डबा घेऊन कॉलनीत दारोदार मांडे चाखायला देत फिरला. त्या फिरण्यात मोहिनीच्या चपलांचे दोन जोड झिजले होते. नवऱ्याने आईला ठणकावलं, "ती मांडे करणारच. काय बोलायचं ते मला बोल." सासूबाईंचं ते बोलणं मोहिनीने दोन वर्षं ऐकून घेतलं होतं, तेही विधवा बाईने घरात तोंड वर करून बोलायचं नसतं, या टोमण्यासकट. खऱ्या संतोषने काय केलं होतं? मांडे काय विकायची गोष्ट आहे का, म्हणून दोघींशी पंधरा दिवस अबोला धरला होता.

मध्यंतरात तिने हर्षालीला जिन्यापाशी गाठलं. "माझी बाई कधी येणार गं?"

हर्षालीने मान खाली घातली. "ताई, पिक्चरवाल्यांना नवराच पाहिजे होता. जावा-जावांचं एवढं जमतं हे कोणाला पटत नाही म्हणाले. जावेवर पिक्चर चालत नाही."

"मग माझं सगळं भाऊजींच्या नावावर कोणी घातलं?"

हर्षाली म्हणाली, "मीच. मीच बसून सांगितलं त्यांना."

मोहिनीला संतोषचा राग आला नाही. त्याच्याकडून तिची कधी काही अपेक्षाच नव्हती. पण हर्षाली! जिला उंडा कसा धरायचा इथपासून शिकवलं, तिने कोणातरी लेखकापुढे बसून एकेक आठवण मोहिनीच्या अंगावरून काढली आणि नवऱ्याच्या अंगावर चढवली. उठून घरी जावं असं तिला वाटलं. पण दोघींचं घर तरी कुठे वेगळं होतं? ती पुन्हा पाचव्या रांगेत जाऊन बसली.

पिक्चर संपल्यावर बाहेरच्या मोकळ्या जागेत चूल पेटवली होती, वर खापर पालथं घातलं होतं. माइक घेतलेली मुलगी ओरडली, "आता ही खरीखुरी जोडी आपल्याला मांडे करून दाखवणार!" नवीन जाकीट घातलेला संतोष चुलीपाशी बसला. "मला तर सगळं काल घडल्यासारखं आठवतंय," त्याने माइकवर सांगितलं. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

मांड्याला दोघं लागतात. एकीने पुरणाचा उंडा हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायचा, दुसरीने जाळ सांभाळायचा. हातावरचा मांडा थांबत नाही. त्याच घडीला खापर नेमकं तापलेलं पाहिजे, नाहीतर फाटला.

संतोषने चुलीत लाकडं कोंबली. पहिला मांडा टाकताक्षणी काळा पडला. लोक कौतुकाने हसले. त्याने घाबरून सगळीच लाकडं ओढली, दुसरा कच्चाच खापराला चिकटला. आता फार कोणी हसलं नाही. हर्षालीने तिसरा उंडा घेतला. धुराने संतोष खोकत होता, डोळे चोळत होता, आणि मांडा कोपरापर्यंत आला होता. हर्षाली गर्दीत कोणाला तरी शोधत होती.

"ताई!"

मागे उभी असलेली मोहिनी जागची हलली नाही. फाटू दे, तिने मनापासून म्हटलं. चारचौघांत फाटू दे. मग तिची नजर मांड्यावर गेली. कड विरत चालली होती. तिचं जे काही वाकडं होतं ते हर्षालीशी होतं, मांड्याशी नव्हतं. ती गर्दीतून पुढे झाली.

"सरका भाऊजी."

तिने पुढची लाकडं आत सारली, फुंकणीने दोनदा फुंकलं, खापरावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते नाचले. "टाक." मांडा पसरला, फुगला, त्याच्यावर तांबूस फोड आले. मोहिनीने तो उचलून चौघडी घातली. पिक्चरला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या.

माइकवाली मुलगी धावत आली. "वा मावशी! तुम्ही कोण यांच्या?"

"ह्या आमच्या..." हर्षालीने सुरुवात केली आणि संतोषकडे बघितलं. संतोष चुलीत बघत राहिला.

मोहिनीने येवल्याच्या साडीच्या पदराला हात पुसले आणि माइक आपल्याकडे ओढला.

"मी ना? पिक्चरमधला नवरा."