प्रेसची शेवटची पूजा

खंडेनवमीच्या सकाळी चंद्रावती सून गौरवीला घेऊन, उपाशीपोटीच डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत गेली. पंख्यांची पाती करणारा तिचा कारखाना कधीच बंद पडला होता. यंत्रं भंगारात गेली होती आणि उरलेली रिकामी शेड उद्या पाडणार होते. पात्यांचा पत्रा कापणाऱ्या प्रेसची शेवटची पूजा चुकायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

"आई, आत काहीच नाही गो. पूजा कुणाची करणार? लोक हसतील," गौरवी म्हणाली.

"हसू देत. पेडण्यापासून वास्कोपर्यंत माझ्या हातची पाती फिरतात. माझ्याच पंख्याखाली बसून हसतील."

शेडमध्ये पाचोळा पसरला होता. फक्त मधोमध, जिथे प्रेस असायची, तेवढा चौकोन स्वच्छ होता. पाचोळा त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता.

चंद्रावती सवयीने चौकोनाला वळसा घालून गेली. मागून गौरवीही तसाच वळसा घालून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रावतीला बरं वाटलं.

तिने जमिनीला हळद-कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले. मग दरवर्षीप्रमाणे टाचा उंचावून तिने प्रेसला झेंडूची माळ घातली.

हात सोडल्यावर तिला आठवलं, की प्रेस तिथे नाही.

माळ खाली पडली नाही.

गौरवीने पायांतल्या चपला काढल्या.