लाल फुली

तीस वर्षं आमच्या कंपनीच्या गेममध्ये गोल बटण म्हणजे होकार आणि फुलीचं बटण म्हणजे नकार. आम्हा जपान्यांच्या ते शाळेपासून अंगवळणी पडलेलं: बरोबर उत्तराला गोल, चुकलेल्याला फुली. मग मुख्य कचेरी अमेरिकेत गेली आणि तिकडून हुकूम आला, यापुढे साऱ्या जगात फुली म्हणजेच होकार.

"साहेब, आपल्या लोकांचे अंगठे ऐकायचे नाहीत हो!" मी म्हणालो.

"ऐकतील, निवा-सान. जग काय टोकियोपुरतं आहे? अंगठ्यांचं सोडा, इथं तुमचा शिक्का मारा."

मी निमूट मारला.

महिन्याभरात तिकडून आम्हा जुन्या लोकांच्या हाती एकेक फॉर्म पडला. त्यावर एकच ओळ होती, 'मला स्वेच्छानिवृत्ती हवी आहे', आणि पुढे रिकामा चौकोन. माझं डोकंच फिरलं. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी, आणि म्हणे स्वेच्छा! लाल पेन घेतलं आणि चौकोनात अशी फुली ओढली, की कागद फाटायचाच बाकी राहिला.

चार दिवसांनी उत्तर आलं.



"इतका ठाम होकार दुसऱ्या कुणाचाच नव्हता, निवा-सान. पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा!"